मोडता कामा नये

४ नोव्हेंबर, सोमवार

जिन्यातल्या भिंतीला आज काचा चिकटवल्या. भिंतीला काचा! आरसे तरी असते तर जाता-येता तोंड दिसलं असतं. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, साध्या काचेच्या पट्ट्या. भिंतीत खालपासून वरपर्यंत भेग गेली आहे, तिच्यावर आडव्या बसवल्यात, दर मजल्याला एक. दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लास्टरचा गोळा आणि त्यावर पेन्सिलीने आजची तारीख.

हे करणारा इंजिनियर भिंतीशी बोलतो, माणसांशी नाही. एक कान सारखा फोनला. मी विचारलं, "हे कशाला?"

"भिंतीवर लक्ष राहावं म्हणून. ह्या मोडता कामा नयेत, बाई. मोडल्या तर अवघड आहे." आणि परत फोनमध्ये घुसला.

घरविक्रीचा दलाल शेजारीच उभा होता. तो सगळ्यांना नात्यात ओढतो. म्हणाला, "मावशी, ऐकलंत ना? वर्ष संपेपर्यंत काचा शाबूत राहिल्या की घेणारे सह्या करणार. एक जरी मोडली तरी व्यवहार मोडला. मग तुमची खोलीही गेलीच म्हणा."

मी म्हटलं, "मी काय लहान पोर आहे का काचा फोडायला? झाडू जपून मारीन."

म्हटलं खरं, पण तेव्हापासून त्या काचांकडे बघवत नाही. जिन्यात अंग चोरून चालते.

५ नोव्हेंबर

काल खोलीचं लिहायचं राहिलं. स्वयंपाकघराच्या मागे आहे. एक खाट, एक खिडकी, खिडकीतून समुद्र दिसतो तो फितीएवढा. नवरा गेल्यापासून मी तिथेच. घर घेणारं जोडपं वर पाहुणे उतरवणार आहे, खाली चहाची टेबलं मांडणार. त्यातल्या बाईने मला स्वतः सांगितलं, "तुम्ही इथेच राहा, सगळं तुम्हीच बघा." विक्री फिसकटली तर मालकाची लेक बापाला आपल्या गावी नेईल, दाराला कुलूप लागेल आणि मी भावाच्या दोन खोल्यांत भावजयीच्या तोंडाखाली. त्यापेक्षा समुद्र बरा.

मालक म्हणजे म्हातारा. सगळ्यात वर राहतो, कारण तिथून बंदर दिसतं. आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत काढलं आणि कान तिथेच ठेवून आला. त्याला काही सांगायचं तर पाटीवर लिहावं लागतं. जेवायला घ्या. गोळी घ्या. ओरडू नका. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर ह्या घरात सुधारलं. पाटीवरचं पुसलं जातं, म्हणून मनातलं इथे लिहिते.

१३ नोव्हेंबर

घात झाला. दुसऱ्या मजल्यावरची काच मोडली.

मधोमध चीर, दोन्ही तुकडे जागच्या जागी. पायरीवरच बसले. परवा जाळी काढताना झाडूचा दांडा लागला असणार. लागल्याचं आठवत नाही, पण माझ्याशिवाय कोण? भिंत काय आपणहून काच मोडणार?

कुणाला बोलले नाही. बोलून काय, "हो साहेब, मीच माझ्या पायावर धोंडा मारला" म्हणू?

१४ नोव्हेंबर

भावाच्या दुकानात गेले. तो फोटोंना फ्रेमी करतो. मापाची पट्टी कापून मागितली, एक सोडून चार. म्हणाला, "ताई, एवढ्या काचा? खातेस की काय?"

"तुझ्या बायकोच्या हातच्यापेक्षा पचायला हलक्या असतील."

हसला आणि दिल्या कापून. प्लास्टरही दिलं. घरी येऊन जुनं खरवडलं, नवी बसवली, पेन्सिलीने तीच तारीख घातली. इंजिनियरचा चार शेपटीवाला आहे, तसाच काढला. घाईत शेपटी जरा लांब झाली. मोडके तुकडे जुन्या अभ्र्यात घालून खाटेखाली सरकवले. कचऱ्यात टाकायची हिंमत नाही, दलाल कचऱ्यातही नाक घालील.

आता कुणाला कळायचं नाही. तरी जेवण गेलं नाही.

२१ नोव्हेंबर

हे घर गल्लीत दोन्हीकडच्या घरांना खांदा लावून उभं होतं. उजवीकडचं गेल्या वर्षी पाडलं. तिथे हॉटेल होतंय म्हणे, जमिनीखाली गाड्या ठेवणार. खड्डा आमच्या तळघराहून खोल गेला. मशीन दिवसभर गुरगुरतं, भांडी फळीवर नाचतात, धूळ तर विचारू नका. तिथल्या मुकादमाला सांगून आले, "पाणी मारा जरा, माझा जन्म फडक्यात चाललाय." तो म्हणतो, "समुद्राशेजारी राहता आणि पाणी माझ्याकडे मागता?" उद्धट मेला.

म्हाताऱ्याचं नवीनच. चहा नेला तर ओरडला, "बाई! उजवीकडे कललंय!"

मला वाटलं कप म्हणतोय. सरळ केला. "कप नाही! जहाज!"

पाटीवर लिहिलं, हे घर आहे.

"मला शिकवू नकोस. आयुष्य गेलं माझं कललेल्यात." मग पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळत गेली आणि उजवीकडून खाली पडली. माझ्याकडे असा बघतो जशी मीच ढकलली. वय झालं. उचलून दिली, परत टाकली. माझी कंबर काय त्याच्या खेळासाठी आहे?

२७ नोव्हेंबर

पुन्हा मोडली. ह्या वेळी तिसऱ्या मजल्यावरची. आणि खालचीही, जी मी बसवली होती ती.

चार दिवस झाडू लावलेला नाही त्या जिन्याला. नुसतं ओल्या फडक्याने पायऱ्या पुसल्या, गुडघ्यावर बसून. भिंतीला बोट लावलं नाही.

मग कोण?

कुणीतरी मला इथून काढायला बघतंय. दलाल? त्याला काय मिळणार, उलट त्याची दलाली बुडेल. लेक तर गावातच नाही. म्हातारा भिंत धरून न्हाणीपर्यंत जातो तेच पुष्कळ. दोन्ही काचा बदलल्या. आता शेपट्या बरोबर येतात.

५ डिसेंबर

आज जीव जायचाच बाकी होता. दलाल न सांगता आला आणि मी जिन्यात, हातात थापी, प्लास्टर ओलं.

तो जवळ आला, काच बघितली, तारीख बघितली. मग माझ्याकडे बघून हसला. "मावशी, हात चांगला आहे तुमचा."

"साहेब, मी नाही मोडली. शपथ घेते. आपोआप..."

"आपोआपच मोडतात त्या. तुम्ही कशाला घाबरता? हे आपल्या दोघांत राहील. इंजिनियरला कशाला त्रास?" आणि संध्याकाळी प्लास्टरचा डबाच पाठवला, नवाकोरा.

माणूस वाटला होता त्याहून बरा निघाला. दुसरा असता तर बोंब मारली असती. त्याला दुवा दिला. पण एक कळत नाही, त्याने सगळ्या काचा बघितल्या आणि भेग बघितलीच नाही. बोलताना तिच्याकडे पाठ करून उभा होता.

९ डिसेंबर, सोमवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिलं तर खरं होईल असं वाटतं.

म्हाताऱ्याची बायको ह्याच जिन्यावरून पडून गेली, मी कामाला लागण्याआधी. तिला हे घर जिवापेक्षा प्यारं होतं म्हणतात. गेले काही दिवस माझ्या मनात तीच. जिन्यात टकटक होतं, बारीक, नखाने वाजवल्यासारखं. दिवसाढवळ्या. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "बाईसाहेब, घर तुमची लेक विकतेय, मी नाही. माझ्यावर का राग?"

आज छडा लावायचं ठरवलं. बाजारात जाण्याआधी वरपासून खालपर्यंत पायऱ्यांवर पीठ भुरभुरलं, पुढचं दार बाहेरून कुलूप, मागचं आतून कडी. चोर असो की दलाल, पाऊल उमटेल. म्हाताऱ्याला पाटीवर लिहिलं, खोलीबाहेर येऊ नका. म्हणाला, "आता कैदेतच टाकलंस का?"

परत आले. पिठावर एक पाऊल नाही. मांजराचंसुद्धा नाही. फक्त भिंतीच्या कडेकडेने पिठावर चुन्याची रेघ पडली होती, वरपासून खालपर्यंत, चाळणीतून गाळल्यासारखी.

आणि तीन काचा मोडलेल्या.

तशीच बाहेर पळाले. गल्लीत फळवाल्याच्या पेटीवर बसले. तो म्हणाला, "काय हो, भूत बघितलं?" मला हसताही येईना.

मग उठले, कारण वर म्हातारा उपाशी होता. जिना चढताना भिंतीकडे बघितलं नाही. बाईसाहेबांना मनातल्या मनात म्हणत होते, मला राहू द्या, मी तुमचा उंबरा रोज पुसते. काचा बदलल्या. पीठ झाडून टाकलं.

१६ डिसेंबर

इंजिनियर येऊन गेला. जिना चढताना प्रत्येक काचेवर बॅटरी मारली. मी खाली कठडा धरून उभी. खाली येऊन दलालाला म्हणाला, "उत्तम. भेग जुनीच आहे, भिंत ठाम आहे. शेजारी एवढं खोदलं तरी एक काच मोडली नाही म्हणजे काही प्रश्नच नाही."

दलालाने माझ्याकडे बघून मान डोलावली.

सुटले. रडूच आलं. पण एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'एक काच मोडली नाही म्हणजे' असं का म्हणाला? काचेचा आणि खड्ड्याचा काय संबंध?

मला ह्यातलं काय कळतंय. झोपते.

१९ डिसेंबर

घेणारे आले होते, पोरगीला घेऊन. पाच-सहा वर्षांची, दोन दात पडलेले, तोंडाची टकळी बंद नाही. "आजी, हा दारावर कोण आहे? मांजर?" तो दगडात कोरलेला सिंह आहे, खाऱ्या वाऱ्याने नाक झिजलंय. मी म्हटलं, "सिंह आहे, म्हातारा झालाय." तर त्याला नमस्कार करून आत आली.

तिसऱ्या मजल्यावरची खोली तिने पकडली, भेगेच्या भिंतीला लागून आहे ती. "ही माझी." दार लावलं आणि उघडेना. मी खांदा लावला तेव्हा सुटलं. सुताराने गेल्या वर्षीच तासून दिलं होतं, पण हल्ली सगळेच कामचोर. चौकट तिरकी दिसते त्याची.

पोरगी माझा हात धरून खाली उतरली. तिचा हात गरम होता. मला उगाच भीती वाटली, कशाची ते सांगता येत नाही.

२६ डिसेंबर

आता सगळं लिहिते.

काचा संपल्या म्हणून भावाकडे गेले. आज तो हसला नाही. कटर खाली ठेवला. "ताई, खरं सांग. एवढ्या पट्ट्या जातात कुठे?"

सांगितलं. काय करणार, सख्खा भाऊ. भावजय आतून कान लावून होती ते माहीत असून सांगितलं. भेग, काचा, तारीख, पीठ, बाईसाहेब, सगळं.

तो पांढरा पडला. "अगं, ती काच मोडावी म्हणूनच लावतात."

"काहीतरीच बोलतोस. इंजिनियर स्वतः म्हणाला, मोडता कामा नये."

"म्हणजे भिंत हलता कामा नये, गं बाई! भिंत हलली की काच मोडते. काच ताणत नाही, वाकत नाही, म्हणून काच. ती मोडली की समजायचं, भिंत सरकली. तुला ती सांभाळायला नव्हती सांगितली. बघायला सांगितली होती."

मी म्हटलं, "मग तसं बोलायचं ना त्याने."

भावजय बाहेर आली. एरवी टोमण्याशिवाय पाणी देत नाही. आज भांडं हातात दिलं आणि नुसतं म्हणाली, "वन्सं, तो म्हातारा वर आहे ना अजून?"

मी किती वेळा ती भिंत गप्प केली, देव जाणे. ती ओरडत होती आणि मी तिच्या तोंडात बोळा कोंबत होते.

२७ डिसेंबर

इंजिनियरचा नंबर माझ्याकडे नाही. दलालाकडे मागितला. त्याला सगळं कळलं एका क्षणात. गोडवा गेला तोंडाचा.

"उद्या सह्या आहेत. एक दिवस गप्प बसा. घर तीनशे वर्षं उभं आहे, उद्या पडणार आहे का?"

"तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत होतं? काचा कुणी बदलल्या? तारखा कुणी लिहिल्या? अक्षर कुणाचं? मावशी, पोलीस मला नाही विचारणार."

खरं आहे त्याचं. अक्षर माझं. शेपट्या माझ्या.

म्हाताऱ्याला पाटीवर लिहिलं, आज खाली माझ्या खोलीत झोपा. त्याने वाचून पाटी परत केली. "मी काय आजारी आहे?" कारण लिहायला हात वळला नाही. मी त्याच्या दाराबाहेर बसून आहे. टकटक होतंय. आता मला माहीत आहे ते कुणाचं नख नाही. नख असतं तर बरं होतं.

२८ डिसेंबर, शनिवार

सगळे खालच्या दिवाणखान्यात. म्हाताऱ्याची लेक, दलाल, ते जोडपं आणि त्यांची पोरगी, इंजिनियर. टेबलावर कागद. दलाल म्हणाला, "मावशी, चहा आणा."

मी अभ्रा आणला आणि टेबलावर उलटा केला.

काचांचा तो आवाज. कागदांवर, पेनांवर, लेकीच्या मांडीवर तुकडे. मी म्हटलं, "ह्या जिन्यातल्या. मोडत गेल्या, मी बदलत गेले. मला वाटलं माझ्या हातून मोडतात. तारखा मी लिहिल्या. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पण आधी वरच्या म्हाताऱ्याला खाली आणा."

दलाल हसला. "बाईंचं डोकं जरा..."

इंजिनियरने हात वर करून त्याला गप्प केलं. तुकडे बोटाने बाजूला करत होता. किती आहेत ते बघत होता. चष्मा काढला. पहिल्यांदा त्याने माणसाकडे बघितलं. "ह्यातली शेवटची कधी मोडली?"

"आज सकाळी. दोन."

"सगळे बाहेर," तो म्हणाला. ओरडला नाही. त्यानेच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात घेणाऱ्या बाईने किंकाळी फोडली. पोरगी खोलीत नव्हती. 'माझी खोली' बघायला वर गेली होती.

मी कधी धावले आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावर दार बंद, आतून रडणं. "आजी, उघडत नाही!" तिचा बाप माझ्या मागे. दोघांनी खांदा लावला. दार हललं नाही, चौकटीने ते चावून धरलं होतं. मी म्हटलं, "मागे हो बाळा, खिडकीपाशी." पाण्याचा पितळी हंडा होता तिथे, तो उचलून खालच्या फळीवर घातला, एकदा, दोनदा, फळी फुटली. त्या भोकातून पोरगी मांजरासारखी बाहेर आली. बापाने उचलली आणि पळाला. तो "चला" म्हणाला मला. मी वर गेले.

म्हातारा खिडकीत बसलेला. पाटी घेतली, खडू तीनदा मोडला. लिहिलं: तुमचं खरं होतं. कललंय. उतरू या.

त्याने वाचलं. वाटलं, आता हटून बसणार. मग म्हणाला, "शेवटी उतरायचं ते कप्तानाने. आम्ही इंजिनवाले आधी उतरतो. दे हात."

एकेक पायरी. भिंतीतून चुना गळत होता, त्याच्या खांद्यावर, माझ्या केसांत. त्याला टकटक ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. त्या जिन्यावर मला त्याच्या बहिरेपणाचा इतका हेवा वाटला की काय सांगू.

२ जानेवारी

घर अजून उभं आहे. उजवीकडून मोठमोठे वासे तिरके लावलेत, गल्ली बंद. इंजिनियरने परत काचा लावल्या होत्या, संध्याकाळच्या आत सगळ्या मोडल्या असं मुकादमाने सांगितलं. त्याचं मशीन बंद पाडलंय, तोंड उतरलंय.

म्हाताऱ्याला लेक घेऊन गेली. जाताना त्याने पाटी माझ्या हातात दिली. लेक माझ्याशी बोलली नाही. घेणाऱ्यांनी व्यवहार सोडला. ती बाई बोलायला आली होती, पण नुसती रडली आणि गेली. दलाल रस्त्यात भेटला. "बघा, घर उभं आहे. तुमचीच खोली तुम्ही घालवलीत."

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मागून खूप सुचलं.

इंजिनियर मात्र भावाच्या दुकानात येऊन गेला. उभाच होता. म्हणाला, "मी नीट सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं. आणि मी विचारायला हवं होतं." चहा घेतला नाही त्याने.

४ जानेवारी

भावाकडे आहे. माझी खाट दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला लागून. त्या भिंतीला वर कोपऱ्यात केसाएवढी भेग आहे. भावजय म्हणते, लग्न होऊन आले तेव्हापासून आहे.

मी काच आडवी लावली तिच्यावर. तारीख घातली, माझ्या चारासारखा चार. भावजय कमरेवर हात ठेवून बघत होती. "हे काय, वन्सं?"

"मोडली तर मला हाक मार. शहाणपणा करून चिकटवू नकोस."

१४ जानेवारी

आज सकाळी उठल्या उठल्या बघितलं. काच शाबूत आहे.

भावजयीला विचारलं, "तू बदलली तर नाहीस ना?"

ती म्हणाली, "वेड लागलंय तुम्हाला."

बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत, अख्खी. प्लास्टरला नख लावून बघितलं, ओलं आहे का. नाही. चारची शेपटी माझीच वाटते. पण शेपटी काढणं काय अवघड आहे.